पाळण्यावरचं शिंग

शिंग पाळण्याच्या वरच खुंटीला टांगलेलं असे. गाईचं शिंग, आतून कोरलेलं, निमुळत्या टोकाला गाईच्याच आचळाचं कातडं घट्ट बांधलेलं. रुंद तोंडातून दूध ओतायचं, कातडं बाळाच्या तोंडात द्यायचं आणि आपण आपल्या कामाला लागायचं. दूर उत्तरेकडे, तोर्ने नदीकाठच्या या गावात पिढ्यान्‌पिढ्या पोरं अशीच वाढली. म्हणजे जी वाढली, ती.

वाल्पुरीला ते शिंग डोळ्यांसमोरही नको झालं होतं. कितीही धुवा, त्याचा आंबूस वास जाता जायचा नाही. गेल्या वर्षी गवतकापणीत तिचा एरिक्की याच शिंगावर होता. ती नदीतल्या बेटावर गवत कापत होती, घरी सासू पाजत होती. पोराला जुलाब लागले, आणि ती परत येईस्तोवर सगळं आटोपलं होतं. "उन्हाळ्याचे जुलाब, देवाची मर्जी," असं पाद्रीबाबांसकट सगळे म्हणाले. वाल्पुरीही तेच म्हणाली. दुसरं काय म्हणणार बिचारी?

यंदा लोविसाच्या वेळी सुईण नवी होती. उल्रिका, स्टॉकहोमला शिकून आलेली, तोंडाने फटकळ. वार पडायच्या आधीच तिने पोर वाल्पुरीच्या छातीशी लावलं.

"अगंबाई, हे काय भलतंच!" सासू अन्ना-क्रेता किंचाळली. "आमच्यात नाही हो असलं. बाई आहे ती, गाय नाही."

"गाईचं शिंग चालतं, गाईचं आचळ चालतं, आणि आईची छाती तेवढी चालत नाही?" उल्रिका म्हणाली. मग वाल्पुरीकडे वळली. "हा पिवळा चीक फेकायचा नाही. रोगाशी झगडायचं बळ पोरीला यातूनच मिळतं. तुझंही भलंच आहे. पोरगी ओढायला लागली की पिशवी आकसते, अंगावरून कमी जातं. आणि उन्हाळ्यात वरचं दूध तिच्या तोंडाला लावू नकोस, मी पाया पडते तुझ्या."

वाल्पुरीने ऐकलं, पण चोरून. सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या खोपटात जाऊन, कडी लावून ती पाजायची. गावात कळलं असतं तर बायांनी हसून हसून जगणं नकोसं केलं असतं. सासू शिंग भरून द्यायची, ते वाल्पुरी मागच्या दारी मांजरीला ओतायची. मांजर गलेलठ्ठ झालं. लोविसानेही असं बाळसं धरलं की बघत राहावं.

आणि घोळ झाला तो इथेच.

"बघ, कशी शिंगावर तरारली माझी बाय!" अन्ना-क्रेता दारात येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची. गवतकापणी आली, म्हणजे ती संपेपर्यंत मुक्काम बेटावरच, तेव्हा तिने दंताळं सुनेच्या हातात दिलं. "जा निर्धास्त. मी आहे ना घरी."

"आई, मी तिला बरोबरच नेते."

"त्या डासांत? वेड लागलंय का तुला? फोडून काढतील पोरीला."

"वाल्पुरी, आभाळ कधी फिरेल सांगता येत नाही," नवरा इसाक्की म्हणाला. "गवत भिजलं तर हिवाळ्यात गुरं काय खातील? आणि आपण काय खाऊ?"

त्याचंही खोटं नव्हतं. वाल्पुरीच्या ओठांवर सगळं आलं होतं, सौना, कडी, मांजर, सगळं. पण सासूचा तो फुललेला चेहरा समोर होता. ती गप्प होडीत जाऊन बसली. कसली ही लाज म्हणायची, पोटच्या पोरीपेक्षा मोठी!

पहिल्या दिवशी छाती दाटली. दुसऱ्या दिवशी दगड झाली. दंताळं ओढायला हात उचलला की जीव कळवळायचा. दुपारी ती गवताच्या कोठारामागे बसून दूध पिळून जमिनीवर टाकत होती. तेवढ्यात इसाक्की पाणी प्यायला तिकडेच आला.

"हे काय गं?"

"तुझ्या लेकीचं जेवण," ती म्हणाली, आणि तिला रडू कोसळलं. "ती शिंगावर नाही रे वाढली. माझ्यावर वाढलीय. शिंगाचा थेंब तिला ठाऊक नव्हता. आणि आता हे दोन दिवस..."

इसाक्कीचा चेहरा उतरला. गेल्या वर्षी एरिक्कीची ती छोटी शवपेटी त्यानेच ठोकली होती.

"मग बोलली का नाहीस, बये?" तो ओरडला आणि होडीकडे धावत सुटला.

त्याने अशी वल्ही मारली की तळहात सोलले. वाल्पुरी पुढे वाकून बसली होती, जणू तेवढ्याने किनारा जवळ येणार होता. घराच्या धुराड्यातून धूर निघत होता. म्हणजे कुणीतरी पाणी तापवतंय, कपडे धुतंय. एवढे कपडे का धुवावे लागतायत, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

दार उघडलं. अन्ना-क्रेता पोरीला मांडीवर घेऊन डोलत होती, हातात शिंग. लोविसाचे डोळे आत गेले होते, टाळू खोल गेली होती, आणि रडण्याचा नुसता आकार तोंडावर होता, आवाज नव्हता.

"कालपासून जुलाब लागलेत तिला," सासू म्हणाली. "मी ताजं दूध घेतलं गं. कोमट केलं. थोडं थोडं दिलं..."

वाल्पुरीने पोर ओढूनच घेतली. सासूसमोर, नवऱ्यासमोर तिने छाती उघडी केली. लोविसाने तोंड फिरवलं. पुन्हा लावलं, पुन्हा फिरवलं. ओढायची ताकदच उरली नव्हती.

"नाही घेणार ती," सासू म्हणाली. "निदान हे तरी ओळखीचं आहे तिच्या." तिने शिंग पुढे केलं.

"घेऊन जा ते!" वाल्पुरी ओरडली. "त्या शिंगाने माझा एरिक्की खाल्ला! आता हिलाही खायचंय का?"

अन्ना-क्रेताने शिंग हळूच मागे घेतलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

वाल्पुरीने चमच्यात दूध पिळलं आणि थेंब थेंब पोरीच्या ओठांत सोडू लागली. पहिला बाहेर आला. दुसराही. इसाक्की दाराशी उकिडवा बसून पुटपुटत होता, प्रार्थना की शिव्या कोण जाणे. आणखी एक थेंब. पोरीचा घसा हलला. पुन्हा हलला. ऊन खिडकीतून सरकत पाळण्यावर आलं, पाळण्यावरून भिंतीवर गेलं. वाल्पुरीचा हात बधिर झाला, पण तिने चमचा खाली ठेवला नाही.

मग कधीतरी लोविसाने चमचा चाटला आणि आणखीसाठी तोंड वासलं. वाल्पुरीने तिला छातीशी धरलं. पोरगी चाचपडली, घसरली, आणि एकदाची लागली. दुसऱ्या बाजूनेही पान्हा सुटला. वाल्पुरी ओठ दाबून बसून राहिली. हलायची तिला भीती वाटत होती.

सकाळपर्यंत पोरीचं दुपटं दोनदा ओलं झालं, तेही नुसत्या शूने. टाळू भरून येत होती.

"चला," अन्ना-क्रेता दारातून म्हणाली. तिने होडीत पोरीसाठी टोपली ठेवली होती, वर जुन्या पडद्याची जाळी शिवली होती, डासांसाठी. "गवत काही थांबणार नाही. तू काप, मी सावलीत हिला धरून बसते. भूक लागली की आणून देईन."

रात्रभर ती झोपली नव्हती. पाळण्यावरची खुंटी रिकामी होती.

होडी मधोमध आली तरी ती सुनेकडे बघेना. इसाक्की वल्ही मारत होता. शेवटी पाण्याकडे बघतच ती बोलली.

"युहो, सोफी, हेन्रिक," तिने नावं घेतली. इसाक्कीची ही भावंडं त्याने कधी पाहिली नव्हती. "तिघंही गवताच्या महिन्यातच गेली."

"आई, मी काल रागात बोलले..."

"खरं तेच बोललीस." म्हातारीने टोपलीवरची जाळी नीट केली. पोर झोपेत ओठ हलवत होती. "मलापण आलं होतं गं दूध. त्याच बेटावर, त्याच कोठारामागे बसून मी पिळून टाकायचे."