पावणेतीन दिवसांत निम्मा

मित्रांनो, मी एक जुना शिशाचा डबा आहे. उंची वीतभर, पण उचलायला तगडा माणूस लागतो. मुंबईहून आगगाडीने दर तीन आठवड्यांनी मी वर्ध्याच्या एका इस्पितळात येत असे. माझ्या पोटातल्या काचेच्या नळीत किरण सोडणारा पदार्थ असे. तो दर पावणेतीन दिवसांनी निम्मा होतो. त्यातून काढलेले औषध शिरेत टोचले की कर्करोग हाडांत जिथे पसरला असेल तिथे ते साचते आणि यंत्राच्या कागदावर काळा डाग उमटतो. तंत्रज्ञ अण्णाजी मला गाय म्हणत. "आज किती दूध देते पाहू," म्हणत औषध काढत.

१९८५ साली पोळ्याच्या आठवड्यात मी बुधवारी आलो. शनिवारी वडनेरपलीकडच्या खेड्यातल्या रुख्माबाईंची तपासणी होती. वर्षापूर्वी त्यांच्या स्तनातली गाठ काढली होती. आता कंबर दुखत होती. एक्स-रेत काही दिसत नव्हते. रोग मणक्यात असेल तर लगेच किरणोपचार हवेत, नाहीतर पाय जातील, असे डॉक्टरांनी बजावले होते.

त्या आल्या सोमवारी.

"शनिवारी काऊन नाई आल्या, मावशी?" अण्णाजींनी विचारले.

"पोळा होता न बापा! शुक्रवारी बैलाचे खांदे तूप-हळदीनं शेकले. मंग त्याच खांद्यावर जू ठेवू का?"

"मी म्हटलं, पांदीत गुडघाभर चिखल हाय, बाजेवर नेतो सडकेवरी," मुलगा रूपराव म्हणाला.

"जितेपणी चौघांच्या खांद्यावर? तुले लय घाई हाय माही!"

सगळे हसले. माझ्यात मात्र पाव हिश्शाहून थोडेच अधिक उरले होते. औषध कमी, म्हणून चित्राला वेळ जास्त. आणि रुख्माबाईंना दहा मिनिटेही उताणे पडवेना. चित्र फिकट, हललेले आले. अण्णाजींनी कागद उजेडात धरला, फिरवला, खाली ठेवला. मी किरण अडवतो. दिवस मला अडवता येत नाहीत.

तीन आठवड्यांनी मी पुन्हा भरून आलो. चित्र स्वच्छ निघाले. कमरेच्या मणक्यावर ठळक डाग. "या खेपेला माल चांगला आहे," डॉक्टर म्हणाले. रुख्माबाईंचे पाय चार दिवसांपूर्वीच लुळे पडले होते. किरणोपचारांनी दुखणे कमी झाले. पाय परत आले नाहीत.

आता मी कोठीचे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून ठेवलेला असतो. मित्रांनो, घरातले मोठे माणूस स्वतःच्या दुखण्याला "थांब" म्हणेल, तेव्हा त्याचे ऐकू नका. माझ्या पोटातले थांबत नव्हते. रुख्माबाईंच्या मणक्यातलेही थांबले नाही.