जोडकेळ्याचा दोष

वडखळच्या फाट्यावर एस.टी.तून उतरून कमळाकर खाडीच्या बांधाने सासुरवाडीकडे निघाला, तेव्हा त्याच्या मुलीला सव्वा महिना पुरा झाला होता आणि तिच्या आजीने, धोंडुबाईने, अद्याप तिला मांडीवर घेतले नव्हते.

जन्मल्या होत्या दोघी. हौसा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली असता अकालीच तिला कळा लागल्या. पेणच्या दवाखान्यात जुळ्या मुली झाल्या आणि धाकटी लगोलग गेली. तेव्हा कमळाकरच्या आईने, विमलबाईने, रोह्याहून आलेल्या चार बायकांदेखत विचारले, "खायला काय घातलंत हिला?" धोंडुबाई भाबडेपणाने सांगून बसली की, परसातल्या घडातले जोडकेळे हौसाने हट्टाने मागून घेतले होते. गर्भारशीने एका सालीतली दोन केळी खाऊ नयेत हे तिला ठाऊक होते. परंतु लेकीचा डोहाळा तिच्याने मोडवला नाही. "एका जिवाचे दोन तुकडे केलेस गो बाई!" असे म्हणून विमलबाई सून-नातीला घेऊन रोह्याला निघून गेली.

कमळाकर तिथेच उभा होता. शाळेत तो जीवशास्त्र शिकवी. पेशी दुभंगताना कशी दिसते ते फळ्यावर डोळे मिटून काढी. तरी तो बोलला नाही. शोकाच्या वेळी शास्त्र कशाला, असे त्याने मनाला समजावले. खरे पाहता, दोषाला एक घर मिळाले की आपले घर सुटते, एवढाच त्यात स्वार्थ होता.

धोंडुबाई परसात कोयता घेऊन केळीच्या बेटावर वाकली होती. बेट तिने मागेच तोडले होते. आता नव्या कोंबांची पाळी होती.

"बसा जावयबापू. कितीबी तोडा, मेले परत येतात."

"त्यांना बी लागत नाही, आई," तो म्हणाला. "कंदातली एक पेशी दोन होते, दोनांच्या चार, त्यातूनच कोंब वाढतो. माणसाचा देहही असाच वाढतो. आपल्या पोरी पोटात एकाच वारेवर पोसलेल्या होत्या, ती वार डॉक्टरीणबाईंनी मला दाखवली. म्हणजे पहिल्या पंधरवड्यातच एका गर्भाचे दोन झाले. दिवस गेलेत हे तेव्हा हौसालाही ठाऊक नव्हतं. केळं तिने सातव्या महिन्यात खाल्लं."

"म्हंजी अर्धा अर्धा जीव?"

"नाही. पेशी विभागण्याआधी आपल्याजवळची सारी गुणसूत्रं दुप्पट करते, मगच वाटते. दोघींना पुरतं मिळतं. उणं कोणालाच नाही."

"आमच्या भावकीत अशी वाटनी नाय झाली कदी," ती किंचित हसली. मग म्हणाली, "तरी धाकटी गेली ती?"

"दिवस भरले नव्हते. श्वास पेलवला नाही. तुमच्या हातून काही झालेलं नाही."

तिच्या मुद्रेवर सुटकेची खूण उमटेल म्हणून तो पाहत राहिला. तिने कोयता खाली ठेवला.

"हे तुमाला कवाधरनं ठावं?"

"शिकवतोच मी ते."

"म्हंजी तवाबी ठावं व्हतं." तिचा स्वर चढला नाही. "या हातानं मी शेजारनीचं पोरबी शिवले नाय. आन् तुमी तिकडं पोरांना शिकवत व्हता."

तो पायांशी वाकला. तिने पाय मागे घेतले.

"माजे पाय धरून काय व्हनार? ज्या बायांम्होरं गप ऱ्हायलात, त्यांच्याम्होरं बोला. मंग येते मी."

रविवारी त्याच बायका बाळाला पाहायला रोह्याच्या घरी जमल्या. कमळाकर उंबऱ्यात उभा राहून सारे बोलला. जाणूनबुजून मौन राखले, हेही बोलला.

"आईचीच शाळा घेतोस होय रे?" विमलबाई उसळली. एक बाई तोंडाला पदर लावून हसली. बोलणे संपले, तेव्हा बायकांच्या हातातला चहा निवलाही नव्हता.

पाळण्याची दोरी धरून हौसा एवढेच म्हणाली, "इतकंच बोलायचं होतं? तेवढ्यासाठी माझी आई माझ्याजवळ नव्हती?"

दुसऱ्या दिवशी धोंडुबाई आली. विमलबाईने पाट मांडला. धोंडुबाईने नातीला मांडीवर घेतले, तिच्या कपाळावरून बोट फिरवले आणि वर न पाहता विचारले,

"जावयबापू, दुसरीचं तोंडबी असंच व्हतं ना?"

"अगदी असंच, आई."

ती बाळाकडे पाहत राहिली. कमळाकरला मात्र तिकडे पाहवेना.