फुंकरीचं दूध

सकाळचे आठ वाजायच्या आतच प्रसूतिगृहाच्या फाटकाबाहेर रांग लागली होती. आत जाण्यासाठी नव्हे, बाहेरच थांबण्यासाठी. रांगेच्या तोंडाशी खुर्ची टाकून फुंकरबाबा बसले होते, पुढ्यात दुधाचं पातेलं. दिवस भरलेली बाई पेला पुढे करी, बाबा त्यात फुंकर मारीत आणि ती डोळे मिटून पिऊन टाकी. दूध दाट आणि चांगलंच गोड होतं.

"अर्धा श्वास तुझा, अर्धा माझा," बाबा सांगत. "आत गेल्यावर तुझा संपला, तर माझा सुरू होईल."

याला पुरावा होता. दीड महिन्यापूर्वी याच इस्पितळात एका शिंप्याच्या बायकोचा श्वास ऑपरेशनच्या टेबलावर बंद पडला. बाबा तेव्हा बाहेरच्या बाकावर होते. डोळे मिटून घरच्यांना म्हणाले, "तासाभरात तिची बोटं हलतील. मग श्वास येईल." तासाभराने नर्सने दार उघडून सांगितलं, "बोटं हलली." पुढचंही सगळं तसंच घडलं. मायलेकी सुखरूप घरी गेल्या. शिंप्याच्या आईने ही हकिगत इतक्या घरी सांगितली की बाबांना वेगळी जाहिरात करावी लागली नाही.

त्या वेळी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई तिच्या उशाशी उभ्या राहून दीड तास श्वासाची रबरी पिशवी दाबत होत्या. एवढी एक गोष्ट हकिगतीतून गळली होती. बाईंनी ते मनाला लावून घेतलं नव्हतं. वीस वर्षांत लोकांनी सर्जनचे, देवाचे आणि एकदा लिफ्टवाल्याचे आभार मानलेले त्यांनी पाहिले होते.

आज शिंप्याच्या धाकट्या भावजयीचं सिझेरियन होतं, नऊ वाजता. सारं घर आलं होतं. थोरली सून, म्हणजे शिंप्याची बायकोही, तान्ह्या मुलीला घेऊन जावेच्या सोबतीला आली होती. बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला, "रात्रीपासून काही खाल्लं?"

धाकटीने सासूकडे पाहिलं. सासू म्हणाली, "पोटात दाणा नाही."

"प्यायलं काही?"

"नाही. म्हणजे फुंकरीचं घेतलंय. पण ते दूध म्हणून नाही घेतलं."

"पोटाला हे कुणी कळवलंय का?" बाईंनी विचारलं. "किती घेतलं?"

"दोन पेले. एक बाळाच्या नावाचा."

बाळाचे ठोके व्यवस्थित होते, थांबायला हरकत नव्हती. बाईंनी ऑपरेशन दुपारी तीनवर ढकललं आणि सासूला समोर बसवलं. "घशात दोन वाटा असतात, एक अन्नाची, एक हवेची. जागेपणी आपण हवेची वाट राखतो. गाढ भूल दिली की तो पहारा सुटतो. पोट भरलेलं असेल तर आतलं वर येतं आणि फुप्फुसात उतरतं. गरोदरपणी तर लवकर येतं. त्यात माणूस जाऊ शकतं."

"पण हिला पाठीत सुई देणार ना? झोपवणार नाही म्हणालात."

"सुई कधी कधी पुरी पडत नाही. कधी क्वचित तिचा अंमल छातीच्या वर चढतो. मग झोपवून घशात नळी घालावीच लागते. तुमच्या थोरलीला घातली तशी."

"थोरलीला बाबांनी वाचवलं," सासू म्हणाली आणि ताडकन उठून फाटकाकडे गेली. तिच्यामागे अख्खं घर गेलं.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले, "डॉक्टर माझ्या दुधाला भितात."

"फार भिते," मागून आलेल्या बाई म्हणाल्या. "बाबा, त्या दिवशी बोटं हलणार हे तुम्हाला कसं कळलं?"

"तिचा आत्मा माझ्यापुढे उभा होता. हाताला धरून परत आणला."

बाई शिंप्याकडे वळल्या. "साडेदहाला मी जोडीदार डॉक्टरच्या हाती पिशवी देऊन मिनिटभर बाहेर आले होते. तुम्हाला काय सांगितलं, आठवतं?"

"काहीतरी सांगितलंत. मला काही ऐकूच आलं नाही. मी तुमच्या चपलांकडे बघत होतो."

"मी म्हणाले, औषध वर चढलंय, म्हणून तिचा श्वास आम्ही देतोय. तासाभरात अंमल उतरेल. आधी बोटं हलतील, मग श्वास येईल. बाकावर तुमच्या शेजारी कोण होतं?"

शिंप्याने बाबांकडे पाहिलं. बाबांनी पातेल्याकडे पाहिलं.

"औषध निमित्तमात्र," बाबा म्हणाले. "ती तेव्हा गेलेलीच होती."

"मी गेले नव्हते," थोरली सून म्हणाली. दीड महिन्यात तिला कुणी काही विचारलं नव्हतं. "मी ऐकत होते. डोळे उघडता येत नव्हते, बोट हलवता येत नव्हतं, पण ऐकू येत होतं. मुलगी रडली ते ऐकलं. एसीचं पाणी भिंतीवर ओघळतंय, प्लंबरला बोलवा, असं कुणीतरी म्हणालं. आणि या बाई सारख्या कानाशी सांगत होत्या, 'ताई, श्वास मी देतेय. तुम्ही फक्त पडून राहा.' बाबा तिथे नव्हते."

प्लंबर खरोखरच आला होता. पण ते सांगायचं बाईंना सुचलं नाही. त्या दिवशी रक्तदाब इतका घसरला होता की झोपेचं औषध त्यांनी जेमतेमच दिलं होतं. ही सून जागी असेल, असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. कानाशी बोलायची त्यांची आपली सवय होती, सहकारी त्यावरून हसत.

"मला वाटलं, तुम्ही झोपलात," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "माझ्याकडून कमी पडलं. नंतर येऊन विचारायला हवं होतं."

"तुमचा आवाज येत होता," थोरली म्हणाली, "म्हणून धीर धरवला."

सासूने रांगेतल्या पुढच्या बाईच्या हातातला पेला काढून घेतला आणि नालीत उपडा केला. रांग हळूहळू पांगली. बाबांनी झाकण लावलं आणि पातेलं उचलून चालू लागले.

दुपारी तीनला पाठीत सुई दिली. अंमल जिथे हवा तिथे थांबला आणि धाकटीला मुलगा झाला. सांगण्याजोगं काहीच घडलं नाही, आणि बाईंना नेहमी तसंच हवं असतं.

फुंकरबाबा आता दुसऱ्या कुठल्यातरी फाटकाबाहेर बसले असतील. तुम्हाला भेटले, तर आधी एवढंच विचारा, की हे त्यांना कुणी सांगितलं आणि आत जी होती ती काय म्हणते. आणि ऑपरेशनआधी चुकून काही पोटात गेलं असेल, दूध, प्रसाद, काहीही, तर डॉक्टरांना सांगा. लाजू नका. ते रागावले तरी चालेल. शक्य असेल तर थांबतील, नसेल तर तुमचं पोट भरलेलं आहे हे धरून जपून भूल देतील. पण त्यासाठी त्यांना ते ठाऊक हवं.