नाकाचा मिस्त्री

"पाय तरी भाईर ठेवा मिस्त्री, न्हाईतर पोट तरी. दोन्ही आत बसायचं न्हाई," धोंडीराम वरून म्हणाला.

मी उत्तर दिलं नाही, कारण तोंडात टॉर्च धरला होता. होडीच्या मागच्या टोकाला, फळीखाली एक खण आणि त्या खणात इंजिन. ज्यानं ही होडी बांधली, त्यानं आधी इंजिन ठेवलं आणि मग त्याच्याभोवती होडी बांधली असणार. आत कधी माणसालाही शिरावं लागेल, हे त्या बाबाच्या डोक्यातच आलं नाही. माझी मान सायलेन्सरला टेकलेली, एक गुडघा बॅटरीवर, आणि डोळ्यांसमोर, तळाशी साचलेल्या पाण्यावर, तेलाचा जाड तवंग. हे तेल येतंय कुठून, एवढाच प्रश्न होता. त्याच्यासाठी मी तिसऱ्यांदा आलो होतो.

धोंडीराम माजलगाव धरणात इंजिनाची होडी चालवतो. धरणाच्या पाण्यानं त्याच्या वस्तीला तीन बाजूंनी घेरलंय. बाजाराला, दवाखान्याला जायचं तर ही होडी, नाहीतर सतरा किलोमीटरचा वळसा. एका खेपेला वीस-बावीस माणसं बसतात. थंडीत तर इंजिनाच्या झाकणावर बसायला भांडणं होतात, कारण ते कोमट लागतं.

आणि मी अजिनाथ. धान्याच्या मोंढ्याजवळ माझं पंप आणि इंजिन दुरुस्तीचं दुकान आहे. तालुक्यात मला नाकाचा मिस्त्री म्हणतात. एके काळी ते खरंही होतं. दारात पंप उतरला की कॉइल जळालीय का डिझेल गळतंय, हे मी खुर्चीत बसल्या बसल्या सांगायचो. लोक गंमत म्हणून तेलात बुडवलेली काडी माझ्या नाकाखाली धरायचे आणि मी डोळे मिटून कोणतं तेल ते ओळखायचो. लई मिरवलो मी त्या नाकावर. कोरोनात ते गेलं. चव थोडीफार परत आली, वास आला नाही. चार वर्षं झाली. हे माझ्या बायकोला, सुनिताला माहीत होतं आणि तिसऱ्या कुणाला नाही. कळलं तर दुकानात कुत्रं फिरकायचं नाही, ही भीती मला रोज शटर उघडताना वाटायची.

चार वर्षं मी युक्त्यांवर काढली. थेंब कागदावर टाकायचा. डिझेलचा डाग पसरत जातो, ऑइलचा जागीच बसतो, पाण्याचा वाळून जातो. नाहीतर वाटीभर पाण्यात थेंब सोडून रंग बघायचे. हे सगळं गिऱ्हाइकाकडे पाठ करून. मग वळून, नाक फेंदारून, "हं, डिझेल हाय" असं म्हणायचं. नाटकवाल्यानं हेवा करावा असा अभिनय.

पण या होडीनं मला पार येडं केलं होतं. पहिल्यांदा आलो तेव्हा गिअरबॉक्सचं सील बदललं. आठ दिवसांत तवंग पुन्हा हजर. दुसऱ्यांदा इंजिनाखालच्या ऑइल-चेंबरचं पॅकिंग बदललं. पुन्हा तेच. चमत्कारिक गोष्ट अशी, की ऑइल मोजायची पट्टी काढून बघावी तर इंजिनात ऑइल घातलं तेवढंच. गिअरबॉक्समध्येही तेवढंच. आत थेंब कमी होत नव्हता आणि खाली पावशेर सांडलेलं. असलं गळणं मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. राग येत होता, आणि खरं सांगायचं तर मजाही येत होती.

आज मी सुनिताचा पावडरचा डबा उचलून आणला होता. सगळं इंजिन चिंध्यांनी कोरडं केलं आणि वरून खालपर्यंत पावडर शिंपडली.

"लगीन लावायलाव का काय त्याचं?" धोंडीरामनं विचारलं.

"इस मिंटं चालू ठेवा, झाकण लावून. जिथून गळंल तिथली पावडर भिजंल."

त्यानं इंजिन चालू केलं, झाकण लावलं आणि काठावर खोळंबलेल्या माणसांना अजून तासभर लागेल हे सांगायला गेला. होडीत त्याची बायको वच्छलाबाई राहिली. होडी बांधणं, सोडणं, म्हाताऱ्यांना हात देऊन चढवणं हे काम तिचं. ती दोराची गुंडाळी करत बसली होती.

वीस मिनिटांनी इंजिन बंद करून मी आत शिरलो. गिअरबॉक्स पांढराशुभ्र. चेंबर पांढरंशुभ्र. इंजिनाच्या डोक्यावर मात्र पावडरीत पाच-सहा ओले ठिपके. म्हणजे तेल इंजिनातून येत नव्हतं, इंजिनावर पडत होतं. आता इंजिनाच्या वर गळण्यासारखं काय असतं? काहीच नसतं. झाकण असतं.

मी उताणा झालो. त्या प्रयत्नात कपाळाला टेंगूळ आलं ते वेगळं. झाकण ओढून टॉर्च त्याच्या आतल्या बाजूवर मारला. लाकडाच्या एका फटीत तेल मुरलेलं, आणि इंजिन तापलं की ते टपटप खाली येत होतं. फटीच्या काठाला शेंदराची रेघ होती.

मी डोकं बाहेर काढलं. वच्छलाबाई धरणाकडे बघत होती, जरा जास्तच लक्ष देऊन.

"वैनी, शनिवारी मारुतीला तेल कोन घालतं तुमच्या घरी?"

"मी."

"समदं घालता?"

ती दोराचं टोक चाचपत राहिली. मग म्हणाली, "निम्मं राखून आनते. दिवाळीनंतर मधीच बंद पडलतं हे. वारं सुटलतं भावजी. चौदा माणसं हुती, लेकरं रडायलती. दोन घंटे पान्यावर हालत बसलो. तवापासून दर शनिवारी ह्याच्यावर बी घालते. तवापासून येकदाबी बंद पडलं न्हाई, बगा."

"आन धोंडीरामभाऊला?"

"त्यांना सांगू नका. मशिनीला दुसऱ्यानं हात लावल्यालं खपत न्हाई त्यांना."

मला हसू आवरेना. मारुतीच्या तेलापायी मी दोनदा अर्धं इंजिन खोललं होतं. पण गोड्या तेलाचा वास शेंबड्या पोराला येतो. माझं नाक शाबूत असतं तर पहिल्याच दिवशी, झाकण उघडल्याबरोबर हा तपास संपला असता.

"तेल घालायचंच तर होडी बांधायच्या खुंट्यावर घाला," मी म्हणालो. तिनं मान हलवली.

विषय तिथंच मिटायचा. पण झाकणाचं तेल पुसून, फट बुजवून शेवटचा टॉर्च फिरवला, तर सायलेन्सरच्या वर, जिथं दोन नळ्या एकमेकींना ओलांडून जातात, तिथं बारीकसा ओलावा दिसला. पुसला. पुन्हा आला. एक नळी थंड पाण्याची, दुसरी डिझेलची. दोन्ही वरून तेलकट. पाणी असलं तर सोडून द्यायचं. डिझेल असलं तर ते तापलेल्या सायलेन्सरवर पडत होतं, आणि त्याच्यावर लोक बूड शेकत बसत होते.

मी कागद काढला. डाग पडला तो गोड्या तेलाचा. वाटीत थेंब सोडला. रंग पसरले तेही गोड्या तेलाचेच. मारुतीनं माझ्या सगळ्या युक्त्या बुडवल्या होत्या. "पानी हाय" म्हणून मोकळं होता आलं असतं. असे अंदाज चार वर्षं ठोकत आलोय, बरेचसे बरोबर निघाले. पण त्या अंदाजांवर कधी वीस माणसं बसलेली नव्हती.

ओली चिंधी घेऊन मी बाहेर आलो. "वैनी, हे जरा हुंगून बगा."

"मी? कावून? नाकाचे मिस्त्री तुमी हाव."

"मला वास येत न्हाई."

बोलून गेलो. तिनं माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता चिंधी नाकाशी नेली. एकदा हुंगली, तोंड फिरवून श्वास घेतला, पुन्हा हुंगली.

"वर माझंच तेल हाय. खाली ढेसेल हाय, भावजी."

"पक्कं?"

"पंचवीस वर्सं ह्यांची कापडं धुते मी."

मला राहवेना. "कसा येतो वो?"

"काय कसा?"

"ढेसेलचा वास. मी इसरायलो."

ती विचारात पडली. असलं तिला कुणी कधी विचारलं नसणार. "कडवट," ती म्हणाली. "डोक्यात चढतो. रात्री आधी दारातून त्यो येतो, मग हे येतात." मी ते ऐकत उभा राहिलो.

डिझेलच्या नळीला क्लिपखाली केसाएवढी चीर निघाली. माझ्या पेटीत नवी नळी होती, ती घातली. तोवर धोंडीराम माणसं घेऊन आला. चिरलेली नळी हातात घेऊन तो सगळ्यांना दाखवू लागला. "असल्या अंधारात घावली. नाकानं वळखलं मिस्त्रीनं, नाकानं!"

वच्छलाबाई खाली बघत होती. मी गप्प बसलो असतो तर दोघांचंही झाकून गेलं असतं.

"वैनीनं वळखलं," मी म्हणालो. "मला चार वर्सं झाली वास येत न्हाई. कोरोनात गेला."

धोंडीराम नळीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आन मागल्या साली माझ्या पंपाचं सांगितलतं ते?"

"अंदाजानं."

"बराबर निघालतं की."

"निघालतं."

"आन ह्यो तवंग?"

"झाकनाच्या फटीतून यायलता. बुजवली फट. आता येत न्हाई."

हे खोटं नव्हतं. वच्छलाबाईनं दोर सोडला.

पुढचे आठ दिवस दुकानात कुणी आलं नाही. मी पान्हे पुसत बसायचो, सुनिता दोनदा चहा पाठवायची. नवव्या दिवशी मोहनराव आले. मोठे बागायतदार, पांढरं धोतर, पंप नेहमी गड्याबरोबर पाठवणारे. आज स्वतः आले होते. गड्यानं पंप उतरवला. मी खुर्चीतून उठलो, त्यांच्यासमोर, त्यांच्याकडे तोंड करून कागद काढला.

"ते ठेव," मोहनराव म्हणाले. धोतराचा सोगा सावरून ते पंपाशेजारी खाली बसले, खालच्या काळ्या चिकट तेलात स्वतःचं बोट बुडवलं आणि नाकाशी धरलं.

"थांब, सांगतो," म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.