माझा एफ दुरुस्त करू नका

मित्रांनो, मी एक जुना टाइपरायटर आहे. पण मला बिघडलेला म्हणाल तर खबरदार! तुमच्या शाळेच्या कपाटावर आल्यापासून जो तो माझ्या एफच्या रिकाम्या जागी बोट घालून हळहळतो. परवा तुमचे सर म्हणाले, "दुरुस्तीवाल्याला बोलावू." म्हणून आज तोंड उघडतो आहे.

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात मी बावीस वर्षे राबलो. टायपिस्टबाई मला रोज ब्रशने घासत, तेल देत आणि स्वतःचे चुकले तरी माझ्यावरच चिडत. मला ते आवडायचे.

एकदा पुठ्ठा कापताना एका कामगार मुलीच्या हाताला पाते लागले. काम भराभर उरकावे म्हणून पात्यावरची जाळी मॅनेजरनेच काढायला लावली होती. चौकशीला आलेल्या तपासनीसबाई बाहेर बसल्या होत्या. त्यांना द्यायच्या अपघाताच्या अहवालाची शेवटची ओळ तेवढी टाइप व्हायची उरली होती.

"लिहा, शी कट हरसेल्फ," मॅनेजर म्हणाले.

टायपिस्टबाई थांबल्या. "साहेब, हरसेल्फ म्हणजे तिनं स्वतःलाच कापलं. कापणारीही तीच, कापली गेली तीही तीच. मशीननं कापलं तर नुसतं हर येतं."

"एवढ्याशा शब्दानं काय आभाळ कोसळणार आहे?"

"तिची नोकरी जाईल."

"व्याकरण नको. टाइप करा."

साहेब खिडकीकडे वळताच बाईंनी माझ्या एफची दांडी चिमटीत धरली आणि कडकन मोडली. दुखले, खोटे कशाला सांगू! पण मी हूं की चूं केले नाही.

"एफ मोडला, साहेब. हरसेल्फचा एफ हातानं लिहायचा तर शेजारी तुमची सही लागेल."

साहेबांचे पेन काही खिशातून निघेना. तेवढ्यात तपासनीसबाई आत आल्या. "काय अडलंय?"

"शेवटचा शब्द. हर की हरसेल्फ, ते साहेब सांगताहेत."

दोघी साहेबांकडे बघत राहिल्या.

"हर," साहेब पुटपुटले.

मी ठणठणीत आवाजात ओळ उमटवली: द मशीन कट हर. मुलगी कामावर राहिली. मला मात्र अडगळीत टाकले, वर चिठ्ठी चिकटवली, 'एफ आपोआप मोडला.'

आपोआप? मुळीच नाही! शी ब्रोक इट हरसेल्फ. तो बाईंनी स्वतः मोडला. शब्द तोच, पण इथे तो दोष ढकलत नाही. कोणी केले ते ठासून सांगतो.

तेव्हा मला पुसा, तेल द्या, हवे तेवढे बडवा. पण एफची जागा रिकामीच राहू द्या. तिथे खोट्याला नकार दिलेला आहे.