फाइल गहाळ नाही

"गोपनीय म्हणा साहेब, माझं काही म्हणणं नाही. पण गहाळ?" हे चहाचा कप तसाच खाली ठेवत म्हणाले.

यांचे वरिष्ठ आनंदराव साहेब सिव्हिल लाइन्सचा बंगला सोडून सकाळी आठ वाजता आमच्या शास्त्री नगरच्या दोन खोल्यांत आले, तेव्हाच मी ओळखलं, कुठेतरी पाणी मुरतंय. यांच्या खात्याच्या गोदामातल्या चोरीवरून सुखदेव चौकीदाराला नोकरीवरून काढलं होतं, आणि चौकशीचा अहवाल त्याला दाखवलाही नव्हता. तो कोर्टात गेला. सरकारी वकील म्हणाले, हे सरकारचे गोपनीय कागद, ते न दाखवण्याचा आमचा विशेषाधिकार आहे. जज म्हणाले, फाइल आणा, आधी मी बघतो, मग ठरवतो. ती तारीख आज होती, आणि आमचे हे त्या खात्याचे रेकॉर्डकीपर.

"एक सही कर, प्रभाकर. फाइल सापडत नाही, एवढंच. परमुलखात आपण मराठी माणसांनीच एकमेकांना सांभाळायचं."

"एकोणीस वर्षांत माझ्या खोलीतून कागदाचं चिटोरं हरवलेलं नाही, साहेब."

साहेब पाय आपटत गेले आणि मी यांच्यावर तुटून पडले. घरात स्वतःचे मोजे सापडत नाहीत आणि मिजास बघा! उद्या तिकडे वाळवंटात बाडमेरला बदली केली तर मुलांच्या शाळेचं काय?

"तो सुखदेव कोण लागतो तुमचा?"

"कोणी नाही. फाइल माझी आहे."

कपाळ माझं! चप्पल घातली आणि मीही निघाले. एवढ्या हट्टी माणसाला एकट्याला सोडायचं कसं? यांनी आधी ऑफिसात जाऊन फाइल काढली आणि कोर्टापर्यंत ती माझ्याही हातात दिली नाही.

"फाइल मिली?" जजनी विचारलं.

"खोई ही नहीं थी, हुजूर."

घरात मिठाचा डबा मागताना चाचरणारा माणूस! मला एकदम अभिमान वाटला, भीती होती ती होतीच. सरकारी वकील उठून राज्याचं हित, विशेषाधिकार असं सुरू करणार, तोच जजनी त्यांना बसवलं आणि स्वतः शांतपणे पानं वाचली. चांगली वीस मिनिटं.

"इसमें देश का कोई राज़ नहीं है," ते म्हणाले. "पन्ना ग्यारह पढ़कर सुनाइए."

यांनीच वाचलं. चोरीच्या दिवशी चौकीदार सुखदेव रजेवर होता. गोदामाची किल्ली आनंदराव साहेबांकडे होती.

सुखदेव कठड्याला धरून उभा होता.

"एक बार और पढ़ दो, बाबूजी," तो म्हणाला.

जजनी मान हलवली. यांनी पुन्हा वाचलं, पहिल्यापेक्षा मोठ्यानं.

चौथ्या दिवशी यांच्या नावे नोटीस आली: वरिष्ठांचा आदेश मोडल्याबद्दल. यांनी ती दोनदा वाचली, कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं पान क्रमांक एक घातला आणि नवी फाइल शिवायला घेतली. सुईत दोरा मी ओवून दिला.