पाठ कुणाकडे, तोंड कुणाकडे

मी एक जुना दरवाजा आहे. फणसाच्या लाकडाचा, बुटका, एका झडपेचा.

मित्रांनो, मला उपटलं! चौकटीसकट!

थांबा. असं मधूनच नको. जन्मापासून सांगतो.

नांदगावच्या वर, काजूच्या डोंगरात एक मांगर आहे. मांगर म्हणजे बागेतलं एका खोलीचं घर. तुकारामने तो बांधला. वारा पश्चिमेचा, म्हणून पश्चिमेला सलग चिऱ्यांची भिंत. छप्पर इतकं खाली ओढलेलं, की वाऱ्याच्या हाती काही लागू नये. मला पूर्वेला बसवलं. दोन्ही बाजूंच्या भिंतींत खोबण्या, त्यांत आडवा अडसर. जो वाकून आत येणार नाही, त्याच्या कपाळावर ठक्! तुकाराम हसून म्हणायचा, "वळख झाली मा!"

तुकाराम गेला. काजूच्या दिवसांत त्याची बायको यमुनाबाई तिथे एकटी राहू लागली. अडसर लावायची आणि निवांत झोपायची. माझं कौतुक तिने कधी केलं नाही. दरवर्षी काजूच्या टरफलांचं तेल मात्र चिंधीने अंगभर फासायची.

मग तिच्या मुलाने, यतीनने, खालच्या तळ्याकाठी घर बांधलं. पाहुण्यांना भाड्याने द्यायला, आणि आईलाही तिथेच ठेवायला. ती बहिणीकडे विजयदुर्गाला गेली होती, तेव्हा त्याने

मला.

तेच ते. उपटलं.

आणि नेलं कुठे! मांगर वाऱ्याकडे पाठ करून बसतो. हे घर छाती काढून उभं होतं. पाणी पश्चिमेला, म्हणून सगळं घर पश्चिमेलाच उघडं. जमिनीपासून छपरापर्यंत काच. त्या काचेच्या मधोमध मी. आयुष्यात पहिल्यांदा वाऱ्याकडे तोंड करून!

यमुनाबाई परत आली.

"आये, बघ! तुझो दरवाजो हाडलंय. आता तुका मांगराची सय येवची नाय."

तिचा चेहरा पांढरा पडला. "मेल्या, मगे माझो मांगर उघडो?"

"तू आता हंयच रवतलंस ना?"

"एक पावसाळो बघीन, असा म्हटललंय मी. माघारी जावची वाटच कित्याक काढून हाडलंस?" तिने माझ्यावरून हात फिरवला. "अडसर खंय?"

"तो बसवचो खंय? काच आसा. पितळेची कडी लावलंय."

"मगे झाप तरी बांध."

आमच्याकडे पावसाआधी घराच्या पश्चिमेला नारळाच्या विणलेल्या झावळ्या बांधतात. तेच झाप.

"आई, झाप बांधले तर पावण्यांका पाणी कसा दिसतला?" यतीनची बायको दिव्या म्हणाली.

"तू काळजी करू नको गो. पाणीच पावण्यांका बघूक येतला!"

दिव्या हसली. मी नाही हसलो.

वैशाखातली दुपार. तळं एकाएकी काळं झालं. वारा पाण्यावरून सरळ धावत आला, मध्ये एक झाड नाही. कडी

खट्. गेली!

मी आतल्या बाजूला उघडतो, मित्रांनो. वारा मला आत ढकलत होता आणि मला थांबता येत नव्हतं. यमुनाबाईने मला पाठ लावली. यतीनने शोभेसाठी टांगलेलं वल्हं ओढून माझ्यावर अडसरासारखं आडवं धरलं. अडकवणार कशात? दोन्हीकडे काच! वल्ह्याचं टोक लागलं आणि डावीकडची काच वरपासून खालपर्यंत कोसळली. पाणी आत. पानं आत. दिव्याही धावत आली. तिघांच्या पाठी माझ्यावर. भिंतीचं काम माणसं करत होती!

वारा पडला. यतीनच्या केसांत काचेचे कण होते.

"माका मांगरात व्हर," यमुनाबाई म्हणाली. तिने माझ्यावर थाप मारली. "ह्येकाय."

दुसऱ्या दिवशी तिला आणि मला टेम्पोतून मांगरात नेलं. चौकट जुन्याच जागी बसली. अडसर कोपऱ्यात तसाच उभा होता. यतीन दिवसभर तिच्या शेजारी बसून झाप विणायला शिकला, तळ्याकाठच्या घरासाठी. त्याचा पहिला झाप बघून ती म्हणाली, "ह्येतून म्हस जायत रे!"

मित्रांनो, जुनी वस्तू आवडली तर जरूर न्या. पण ती कुणाकडे पाठ करून उभी होती, एवढं आधी बघा. डोंगरातलं घर वारा अडवायला बांधतात, तळ्याकाठचं पाणी बघायला. मी अडवणारा आहे. मला बघायला उभं करू नका.

संध्याकाळी यतीन झाप खांद्यावर घेऊन निघाला. वाकायचं विसरला.

ठक्!

"हां," आतून यमुनाबाई म्हणाली, "आता बसलो दरवाजो."